भिंतीखालून आलेली भुईरिंगणी

आधी बूबूचं सांगते. पिंजाऱ्याची बूबू, आमच्या परसाच्या भिंतीपलीकडं राहायची. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही. तिची लेकरं बूबू म्हणायची, गाव बूबू म्हणायचं, मीही म्हणत गेले. आज मला छाती भरून श्वास घेता येतो, मी या घरात आहे, माझी लेकरं या अंगणात खेळतात, ते तिच्यामुळं. दुसऱ्या मानकरी माझ्या सासूबाई. पण त्यांचं मागाहून येईल, कारण मलाही ते मागाहूनच कळलं.

माझं शिकणं चौथीपर्यंतचं. पुढची शाळा उर्दूतली, तीही लांबच्या गावात. तिथं मुलीला कोण पाठवणार? त्यामुळं लिहिताना मागंपुढं झालं तर सांभाळून घ्यावं. माझा स्वभाव मुळातच घाबरा. एक ओळ लिहिली की ती बरोबर आहे का म्हणून दोनदा वाचते.

माझं माहेर उदगीरच्या पलीकडं. वैशाखात लग्न झालं आणि आगगाडीनं परळी, परळीहून गंगाखेड, आणि तिथून बैलगाडीनं पालमच्या अलीकडच्या या गावात आले. सासरचे आमच्यासारखेच लिंगायत, गावात किराणा दुकान, शिवारात काळी जमीन. सासूबाईंना आत्या म्हणायचं आणि सासऱ्यांना मामा, हे आईनं सांगून पाठवलं होतं. बोली मात्र वेगळी. माझ्या एखाद्या शब्दाला जाऊबाई पदरात तोंड घालून हसायच्या. पहिल्या पंचमीला भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला आला, तेव्हा गंगाखेडहून केलेल्या गाडीत त्याचा फेटा लांबून ओळखून मी दारापर्यंत पळत गेले होते. सासुरवाशिणीला मुऱ्हाळ्यापेक्षा गोड काही नसतं. माझ्यासाठी तेच पुढं वर्षभरात किती कडू झालं, ते आता सांगते.

दिवाळी झाली, कापूस वेचणीला आला. आमच्याकडं कापूस थेट घरात यायचा. दारातून आत आल्यावर ढाळज, तिथं छतापर्यंत ढीग. बाजाराचा भाव चढेपर्यंत तो तिथंच. सुना संध्याकाळी बसून त्यातली कवडी, पाला निवडायच्या. माझ्या माहेरी कापूस नव्हताच. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी माझ्या छातीत घरघर सुरू झाली. आधी खोकला, मग धाप. भाकरी थापताना दम लागायचा, पाण्याचा हंडा विहिरीच्या काठावर टेकवून मी उभीच राहायची. पौषाच्या थंडीत तर अंथरुणावर पाठ टेकता येईना. भिंतीला टेकून बसून राहायचं.

जाऊबाई म्हणायच्या, "काय गं, छातीत मांजर पाळलंस व्हय?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण ते घरभर झालं. मी चुलीपाशी असले आणि खोकला आला नाही, तर मामा मुद्दाम विचारायचे, "मांजर कुठं गेलं?"

हसणं चाललं होतं तोवर बरं होतं. एक दिवस दुपारी मी सांडग्यांची परात माळवदावर न्यायला निघाले आणि जिन्यातच थांबले. खाली आत्या आणि मामा बोलत होते.

"दमेकरी पोर दिली आपल्याला," आत्या म्हणाल्या. "हिच्या बापानं सांगितलं न्हाई."

"त्याला तरी ठाव असंल का? तिकडं तर बरी दिसायची."

"ते काय बी असू द्या. हिनं लेकुरवाळं कसं व्हायचं? रानात काम कसं करायचं?"

"मग काय, आत्ताच पोचती करायची?"

"आत्ता धाडली तर चार लोक इचारतील. पंचमीला मुऱ्हाळी येतोच की. जाईल भावासंगं. आन् मग आनायलाच जायचं न्हाई."

मामा दुकानाच्या किल्ल्या घेऊन उठले. मग "बघू" म्हणाले. मी परात घेऊन तशीच वर गेले आणि सांडगे घालत बसले. हात चालत होते. डोक्यात एकच, की आता भाऊ येऊ नये. ज्या गाडीची बहिणी वाट बघतात, ती गाडी रस्त्यातच मोडावी असं मला वाटू लागलं. यांना सांगावं, तर हे मोकळं बोलणारे नाहीत, आणि वडिलांपुढं तर मुळीच नाही. तरी दोन दिवसांनी यांनी न सांगता माझं अंथरूण ढाळजेजवळून उचलून आतल्या खोलीत टाकलं. मला त्याचा फार आधार वाटला.

बूबू माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती याच दिवसांत. ते लोक गावोगाव जाऊन गाद्या भरायचे. घरी असले की त्यांच्या कापूस पिंजायच्या पिंजणाची तात दिवसभर वाजायची, आणि कापसाची म्हातारी उडून आमच्या परसातल्या कण्हेरीवर बसायची. मी भांडी घासत खोकत होते. भिंतीवरून पांढऱ्या केसांचं एक डोकं वर आलं. केस म्हातारपणाचे की कापसाचे, ते कळत नव्हतं.

"अगे बेटी, ये खांसी कबसे?"

मी इकडंतिकडं बघितलं आणि सांगितलं.

"कपास छाती में बैठा है. हमारे घर में सबकू होता," ती म्हणाली. "हमारा तो धंदाच ये है. रिंगनी का काढा पीते हम. ठैर." आणि खाली उतरून एका कटोऱ्यात वाफाळतं काहीतरी घेऊन आली, भिंतीवर ठेवलं.

मी त्या कटोऱ्याकडं बघत राहिले. वासानंच छाती मोकळी होईल असं वाटत होतं. पण आमच्या घरात दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं, ओलं काही चालत नव्हतं. त्यांच्या घरचं तर पाणीसुद्धा नाही. माझ्या गळ्यात लिंग. हात पुढं होईना, मागं होईना.

बूबूच हसली. "अरे हौ, मैं भूलगई. तुम लोगां कू गीला नै चलता." कटोरा उचलून तिनं तिथंच, माझ्यासमोर, स्वतः पिऊन टाकला. तोंड वाकडं करून म्हणाली, "कडू है गे. तू बच गयी!"

मग तिनं वाळलेल्या फांद्यांची एक जुडी भिंतीवर ठेवली. काटेच काटे. पानांवर काटे, पानांच्या शिरांवर काटे. आत्या बाहेर आल्या, त्यांनी जुडी पाहिली, बूबूकडं पाहिलं.

"पिंजारनी, हे काय?"

"सूखा है आम्मा. बिलकुल सूखा."

आत्यांनी क्षणभर विचार केला. "कोरडं चालतं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सुंठ घालून त्याचा काढा मी करू लागले. वरून मध चाटायचा, नाहीतर घशाखाली उतरत नसे. थोडं बरं वाटलं. पुढं फाल्गुनात भाव आला, कापूस गाड्यांत भरून गेला, ऊन पडलं आणि माझा दमही बसला. पण घरात कोणी "बरी झाली" म्हणालं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की पावसाळ्याची ओल यायची आहे, आणि पंचमी पावसाळ्यातच येते.

भुईरिंगणी आमच्या भागात काही दुर्मीळ नाही. उन्हाळ्यात पडीक जागी, गाडीवाटेच्या कडेला ती जमिनीला चिकटून पसरलेली असते. वांग्याच्या जातीची, फूल तसंच जांभळं, मध्ये पिवळं. फळं गोटीएवढी, हिरवी असताना पांढऱ्या रेघांची, पिकली की पिवळीधमक. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पण नव्या सुनेनं रानात एकटं हिंडायचं नाही, आणि पावसाळ्यात काळ्या रानात ती टिकत नाही. उरलीसुरली खुरपणीत जाते. सालगड्याला आणायला सांगितलं तर तो म्हणाला, "वयनी, जे आमी जल्मभर उपटून फेकलं, ते आता शोधायला लावताय व्हय?" बूबूची वाळलेली जुडी संपत आली होती, आणि तिच्या घरालाही ती लागायचीच.

म्हणून बूबूनं पिकलेली फळं दिली. "बो," म्हणाली. "अपने घर में बो. फिर किसीकू पूछना नको."

बी कसं काढायचं ते तिनंच सांगितलं. फळं फोडून राखेत चोळायची, वाळवायची, मृगाच्या आधी टाकायची. यांनी रानातून काळी माती आणून परसात वाफा करून दिला. मी त्यात शेणखत घातलं. ही बातमी गावात कशी गेली कोण जाणे. दुकानावर येणारी माणसं मामांना विचारू लागली, "सावकार, सुनबाईनं काटं पेरलंय म्हनं? पुढच्या साली बाभळीचा मळा का?" मामा हसायचे, पण घरी आले की वाफ्याकडं बघायचेही नाहीत.

बी लवकर उगवेना. मी रोज सकाळी जाऊन बघायची. एकदा माती उकरूनही बघितली. मग एका सकाळी बारीक कोंब दिसले आणि मला रडू आलं. आता माझी पंचमी या कोंबांवर आहे असंच मला वाटायचं. त्यांच्यासाठी काय करू आणि काय नको, असं झालं.

आमच्यात रोज प्रत्येकजण आपापल्या लिंगाची पूजा करतो. पूजेचं पाणी कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ते झाडाला घालायचं. आमच्या घरात ते कण्हेरीला जायचं. मी आत्यांना विचारलं, "हे पाणी मी रिंगणीला घालू का?" त्या "घाल" म्हणाल्या. मला वाटलं, देवाच्या पाण्यापेक्षा मोठं औषध कोणतं? घरातल्या सगळ्यांच्या पूजेचं पाणी गोळा करून मी रोज वाफ्यात घालायची, मनातल्या मनात म्हणायची, मला इथंच ठेव. वरून पाऊस सुरू झाला तरी थांबले नाही. देवाचं पाणी कसं थांबवायचं?

बूबू घरी नव्हती, गाद्या भरायला सोनपेठकडं गेली होती. परत आली आणि भिंतीवरून बघून ओरडलीच.

"अगे क्या कररी तू! काटा है ये काटा! इसकू इत्ता लाड नको!"

तोवर रोपं पिवळी पडून माना टाकत होती. मी एक उचललं, तर मूळ बोटांत गाळासारखं आलं. काळी माती पाणी धरून बसते, तिच्यात खत, वरून पाऊस, त्यावर आम्हा सगळ्यांची भक्ती. एकही वाचलं नाही. रिंगणीला कोरडी, मुरमाड, कोणी न विचारलेली जागा लागते. बूबूच्या परसात एक जुनी पडलेली भिंत होती, तिच्या पांढऱ्या मातीच्या ढिगावर तिची रिंगणी मजेत पसरली होती.

आषाढ लागला, ओल आली, आणि माझी धाप परत आली. यावेळी कोणी मांजराचं नाव काढलं नाही. माझ्या जीवाला तेच जास्त लागलं. भावाचा निरोप आला होता की तो पंचमीच्या आदल्या दिवशी येतोय. बूबूनं परत कटोरा भिंतीवर ठेवला नाही. ठेवला असता तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

दोन घरांमधल्या भिंतीच्या बुडाला पाणी जायचं एक भोक होतं. बूबूची बाजू उंच, म्हणून तिकडचं पाणी आपल्याकडं नको या विचारानं आत्यांनी ते पूर्वीपासून वीट लावून बंद ठेवलं होतं. एका सकाळी मी भांडी घासायला गेले तर वीट बाजूला पडलेली. आणि भोकातून रिंगणीची एक फांदी हातभर आत आलेली, तिला दोन फुलं. मी बघत असतानाच ती हलली. पलीकडून कोणीतरी काठीनं तिला हळूहळू पुढं ढकलत होतं.

"बूबू?" मी हळूच म्हणाले.

"मैं कुछ नै कररी," भिंतीपलीकडून आवाज आला. "झाड है. जिधर जाता, उधर जाता."

तिच्या फांद्या दिवसेंदिवस आमच्याकडं पसरत गेल्या. मूळ तिच्या ढिगाऱ्यात कोरडं, पानं आमच्या परसात. पण ते घ्यायचं कसं? झाड तिचं, ओलं, हिरवं. वाळलेलं चाललं होतं म्हणून हेही चालेल असं नव्हतं. मी आत्यांसमोर जाऊन उभी राहिले. त्या ज्वारी पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भिंतीपासची रिंगनी बघितली मी."

"घेऊ का?"

"मूळ तिकडं असंना का. जमिनीला कुठं शिवाशिव असती? आपल्या परसात आलं ते आपलं. कात्रीनं काप, हाताला काटं मोडतील."

जाऊबाईंनी तेवढ्यात विचारलंच, "पन ती वीट कुनी काढली म्हनावं?"

"मांजरानं," आत्या म्हणाल्या.

सगळे हसले. संध्याकाळी त्यांनी माझ्याकडं सुई मागितली. त्यांच्या अंगठ्यात काटा मोडला होता, बारीक, पिवळा, सरळ. "बाभळीचा हाय," त्या म्हणाल्या. आमच्या दारात बाभूळ नव्हती. वीट आत्यांनीच काढली होती, आणि आत आलेली फांदी स्वतःच्या हातानं सरळ केली होती. मी सुईनं काटा काढला.

ताज्या रिंगणीचा काढा वाळलेल्याहून कडू आणि जोरकस. तो घेऊन मी झोपू लागले, आधी बसून, मग आडवी. काढ्यानंच बरं झालं की काय, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. यांनी माझं अंथरूण चुलीच्या उबेला आणलं होतं, जाऊबाईंनी पाणी भरायचं काम आपल्याकडं घेतलं होतं. पण माझ्या मनाला विचाराल, तर ते भिंतीखालच्या भोकाकडंच बोट दाखवतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. मी दाराकडं पळाले नाही. आतल्या खोलीत पेटी भरून बसले होते. किती लुगडी घ्यावीत, तेच ठरत नव्हतं. सगळी घेतली तर मीच निकाल लावल्यासारखं होईल. थोडी घेतली आणि परत यायचंच नसलं तर?

भाऊ ढाळजेत बसला. चहापाणी झालं. जेवणं झाली. मामा पावसापाण्याचं बोलले. कोणी मूळ गोष्ट काढेना. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली, मी आत्यांच्या पाया पडले. त्यांनी मला बसवूनच ठेवलं आणि भावाला म्हणाल्या,

"बघा, पोळ्याच्या आत आनून सोडा."

भावाला कशाची कल्पना नव्हती. तो म्हणाला, "आई म्हणत होती, गौरीपर्यंत राहू द्या म्हणून."

"गौरीपतोर कशाला? घरात कामं पडल्यात. पोळ्याच्या आत आली न्हाई तर आमीच गाडी घेऊन यीव." मग जुन्या धोतरात बांधलेली एक जुडी त्यांनी त्याच्या हातात दिली. "हे तिकडं रोज उकळून द्यायचं. इसरू नका."

भावानं गाठ सैल करून बघितलं आणि बोट झटकलं. "मावशी, लोक शिदोरीला करंज्या देतात. तुमी काटं देताय!"

"आमच्यात असंच असतंय," मामा म्हणाले. त्या वर्षी मामा पहिल्यांदाच मोकळं हसले.

गाडी बूबूच्या दारावरून गेली. ती दारात उभी होती. मी हात हलवला, तर ती काठी उंच करून दाखवत होती.

पोळ्याआधी मी परत आले. पुढं थंडीत धाप कधी लागली, कधी नाही. पण मला माहेरी ठेवायची गोष्ट त्या घरात परत निघाली नाही. कापसाचा ढीग ढाळजेतून गोठ्याशेजारी गेला. माझी लेकरं झाली. भोकाला वीट परत लागली नाही.

मग मुसलमानी राज्य गेलं. त्या गडबडीच्या दिवसांत बूबूच्या लोकांना गावात भीती वाटू लागली, भिंतीपलीकडं तात वाजेनाशी झाली. एका पहाटे बूबूच्या दारात गाडी उभी दिसली. भांडी, गोधड्या आणि सगळ्यात वर पिंजण बांधलेलं. कुठं जाता म्हणून विचारलं, तर ती लेकीच्या गावाचं काहीतरी बोलली. मला रडण्यात नीट ऐकू आलं नाही. भिंतीवर हात टेकून एवढंच म्हणाली, "ईंट नक्को लगाना गे."

ते घर आता रिकामं आहे. पावसानं त्याचीही भिंत पडली, ढिगारा वाढला, आणि रिंगणी त्यावर दुपटीनं पसरली. तिला मी पाणी घालत नाही. फळं पिकली की बी राखेत चोळून ठेवते. गावात कोणाला खोकला झाला की सालगडीच लोकांना आमच्या परसाकडं धाडतो.

परभणीच्या बाजारला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगून ठेवलंय, कुठं पिंजारी दिसला तर विचारा, पालमकडची पांढऱ्या केसांची बूबू तुमच्यात कोणी आहे का. अजून पत्ता नाही. पण लागेल. लागला की मी यांना घेऊन जाईन, तिच्या घरात जाऊन खाली बसेन, आणि म्हणेन, बूबू, तो कटोरा माझ्यावर राहिलाय. तिच्या चुलीवर, तिच्या पाण्यात उकळलेला, गरम, ओला काढा मी तिच्या हातून घेईन आणि मध न मागता शेवटच्या घोटापर्यंत पिईन.